गावात बार, क्लब येतोय? नकाशा हाती घेऊन हरकत कशी घ्यावी

"गावची संस्कृती बुडेल" एवढ्या एका वाक्यावर परवाना अडलेला मी तरी पाहिलेला नाही. अडतो तो सर्व्हे नंबर, अंतर आणि तारीख या तिघांमुळे. मी गोव्यात, पेडणे तालुक्यात घरांचे नकाशे काढते. जानेवारी 2023 मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बदलले. पूर्वी लोक विचारायचे, मागच्या परसात न्हाणीघर वाढवता येईल का. आता सर्व्हे प्लॅनची गुंडाळी घेऊन येतात आणि म्हणतात, "बाय, शेजारच्या भाटात (बागायतीत) क्लब येतोय म्हणतात. काय करूया?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्या प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या सरकारी नकाशात, 'फक्त प्रौढांसाठीचे धंदे' असा वेगळा रंग नाही. सेटलमेंट, ऑर्चर्ड, शेती, औद्योगिक असे पट्टे आहेत. बार, क्लब, मसाज पार्लर हे सगळं व्यापारी वापरात मोडतं. अमेरिकेतल्या शहरांनी मात्र असे धंदे नकाशावरच बांधून टाकले. डेट्रॉइटने 1972 मध्ये नियम केला की प्रौढांचं चित्रपटगृह वस्तीपासून 500 फूट लांब हवं आणि तशाच प्रकारच्या दुसऱ्या दोन धंद्यांपासून 1000 फूट लांब हवं. हेतू असा की एकाच रस्त्यावर त्यांची रांग लागू नये. बॉस्टनने 1974 मध्ये नेमकं उलट केलं. एक भाग आखून दिला आणि सांगितलं, हे धंदे इथेच चालतील. पांगवायचं की गोळा करायचं, या दोन वाटा तेव्हापासून आजपर्यंत जगभर आहेत.

आपल्याला उपयोगी पडते ती या नियमांवरची कोर्टाची भाषा. डेट्रॉइटचा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयात 1976 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी टिकला. सिएटलजवळच्या रेंटन या लहान शहराचा 1000 फुटांचा नियम 1986 मध्ये टिकला. पडद्यावर काय दाखवतात ते कोर्टाने विचारलं नाही. आजूबाजूला काय होतं ते विचारलं: गुन्हे वाढतात का, घरांच्या किमती पडतात का, लोक वस्ती सोडून जातात का. आणि दुसरा प्रश्न विचारला की या धंद्याला शहरात दुसरीकडे जागा उरते का. रेंटनमध्ये 520 एकर, म्हणजे शहराच्या पाच टक्क्यांहून जास्त जमीन मोकळी राहत होती, म्हणून नियम वाचला.

हाच दुसरा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये महाराष्ट्राला विचारला. तिथल्या 2016 च्या डान्सबार कायद्याखालच्या नियमांत शाळा आणि देवस्थानांपासून 1 किलोमीटर अंतराची अट होती. ती रद्द झाली, कारण मुंबईत एवढं अंतर राखून जागा सापडणंच शक्य नव्हतं. एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ 314 हेक्टर जमीन व्यापतं, शंभर मीटरचं जेमतेम तीन. अंतर दहापट केलं की जमीन शंभरपट अडते. ग्रामसभेत कोणी जोशात "दोन किलोमीटर लांब करा" म्हणाला तर त्याला हे गणित दाखवा. नियमाच्या आडून सरसकट बंदी आणली की नियमही जातो आणि बंदीही.

आता गोव्यात हत्यारं कुठे ठेवलीत ते पाहू. ती एका कपाटात नाहीत, म्हणूनच माणूस गोंधळतो. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे नगरनियोजन खातं सांगतं. बांधकामाचा आणि धंद्याचा परवाना पंचायत किंवा पालिका देते. दारूचा परवाना अबकारी खात्याचा. शाळा आणि धार्मिक स्थळापासून 100 मीटरचा नियम तिथेच लागतो. आवाजाचे नियम केंद्राचे, 2000 सालचे. किनाऱ्यालगत असाल तर किनारी नियमन क्षेत्र, त्याचं प्राधिकरण पणजीत. जुगाराचा कायदा 1976 चा. तो कॅसिनोची जागा नकाशावर दाखवतच नाही. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलात यंत्रांवरचा खेळ आला, 1996 च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजात कॅसिनो आला. मांडवीत तरंगणारे कॅसिनो म्हणून तिथे आहेत, पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांशी नाहीत. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देवस्थान, शाळा, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून 200 मीटरची मर्यादा आहे. तिथे पोलिसांचं काम, पंचायतीचं नव्हे.

तेव्हा पहिलं काम, येणाऱ्या धंद्याचं नेमकं नाव मिळवणं. 'क्लब येतोय' ही अफवा झाली. अर्जात रेस्टॉरंट लिहिलंय, की बार अँड रेस्टॉरंट, की गेस्ट हाऊस, ते पंचायतीत जाऊन विचारा. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व कागदपत्रे द्या" लिहू नका. सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन लिहून मागा: बांधकाम परवाना, नगरनियोजनचा तांत्रिक दाखला, सनद (जमिनीचा वापर बदलायची परवानगी), वापर प्रमाणपत्र, व्यापार परवान्याचा अर्ज. सनद नीट वाचा. घरासाठी दिलेली सनद आणि व्यापारासाठी दिलेली सनद वेगळी असते, आणि बंगल्याची सनद काढून त्यात संगीताच्या मैफली भरवणारे आपल्या किनाऱ्यावर कमी नाहीत.

दुसरं, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि सर्व्हे प्लॅन काढा. त्याच सर्व्हे नंबरचा झोनिंगचा दाखला तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयातून घ्या. आराखडा शेती किंवा ऑर्चर्ड दाखवत असेल आणि जमिनीवर पाया खोदलेला असेल, तर अंतर मोजायच्या आधीच तुमची हरकत उभी राहते. राजपत्रावरही नजर ठेवा. 2024 मध्ये नगरनियोजन कायद्यात आलेल्या 39 अ कलमाखाली एकेका सर्व्हे नंबराचा झोन बदलायचे प्रस्ताव निघाले, आणि हरकतीला मुदत होती 30 दिवसांची. गावात कोणीतरी एकाने राजपत्र वाचायचं काम अंगावर घ्यावं. आमच्याकडे हे काम निवृत्त शिक्षक करतात आणि सरपंचांच्या आधी त्यांना बातमी असते.

आता माझं आवडतं काम. गावचा सर्व्हे प्लॅन साधारणपणे 1:1000 प्रमाणात असतो. म्हणजे कागदावरचे दहा सेंटीमीटर हे जमिनीवरचे शंभर मीटर. प्लॅनवरचं प्रमाण तपासा, झेरॉक्समध्ये कागद लहानमोठा झाला नाही ना ते पाहा (त्यासाठी प्लॅनवरची एखादी बांधाची लांबी जमिनीवर टेप लावून ताडून घ्या), आणि कंपास दहा सेंटीमीटर उघडा. शाळा, अंगणवाडी, देऊळ, चर्च, मशीद, कपेल (छोटं चर्च), राखणदाराची घुमटी, रस्त्याकडेचा खुरीस (क्रूस), सगळं आधी पेन्सिलीने मांडा. मग ज्यांच्याभोवती नियम नक्की लागतो त्यांची वर्तुळं शाईने काढा, बाकीची पेन्सिलीतच ठेवा. घुमटी आणि खुरीस धार्मिक स्थळात धरायचे का, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंना असतात. तुमची मुख्य हरकत त्यांच्यावर उभी करू नका. शाळेचं वर्तुळ लागत असेल तर तेच पुढे करा.

असा नकाशा पहिल्यांदा पाहिला की माणसं गप्प होतात. आपल्या गावात वर्तुळं एकमेकांत इतकी शिरतात की मधल्या वाड्यांवर मोकळी जागाच उरत नाही, आणि गावाबाहेर, नेमक्या शेतांकडे, ऐसपैस उरते. म्हणून नुसतं अंतर मागू नये. धंदा वस्तीतून उठून शेतात गेला तर आपण जिंकलो असं मला वाटत नाही.

अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं, ही खरी लढाई असते. शाळेच्या इमारतीपासून की फाटकापासून? बारच्या दारापासून की कुंपणापासून? सरळ रेषेत की पायवाटेने? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरांत दारूविक्रीला बंदी केली, तेव्हा केरळात एका बारने दारापर्यंतची वाट भिंती घालून वळणावळणाची बांधली, चालण्याचं अंतर वाढावं म्हणून. बार होता तिथेच राहिला. म्हणून अबकारी निरीक्षकाचा जागेच्या पाहणीचा अहवाल मागा. मोजणी कशी केली ते त्यात असतं. तुमच्या नकाशात आणि त्यात फरक आला तर तुमच्या समक्ष पुन्हा मोजणी करा, असं लेखी मागा. सवलत देऊन परवाना दिला असेल तर ती कोणत्या आदेशाने, कोणत्या कारणासाठी, हेही मागा.

अंतराच्या नियमात एक मोठी उणीव आहे आणि ती मला फार खुपते. तो आकार बघत नाही. चार बाकांचं तावेर्न, जिथे माझे आजोबा संध्याकाळी फेणीचा एक पेला घेऊन परत येत, आणि पाचशे माणसं नाचणारा क्लब, दोघांना शंभर मीटर ते शंभर मीटरच. गोव्याच्या गावाला तावेर्नचा त्रास कधी एवढा झाला नाही. त्रास होतो तो गर्दीचा, गाड्यांचा, आवाजाचा. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या क्लबात आग लागून 25 माणसं गेली. वाट इतकी अरुंद की बंब दारापर्यंत पोचले नाहीत. देवळापासून तो क्लब किती लांब होता हा प्रश्न तिथे कुचकामी आहे. म्हणून हरकतीत रस्त्याची रुंदी लिहा, मीटरमध्ये, सर्वांत अरुंद जागी टेप धरून. गाड्या लावायला किती जागा दाखवली आहे ते मंजूर नकाशावरून लिहा. अग्निशमन दलाचा दाखला मागा. सांडपाणी कुठे जातं, विहीर किती मीटरवर आहे, खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतीचा) बांध भरला आहे का, हे लिहा.

हरकतीची भाषाही तशीच ठेवा. "तरुण पिढी बिघडेल" याला अधिकारी मान डोलावतो आणि फाईल बाजूला ठेवतो. "शाळा सकाळी आठला भरते, त्या वेळी रस्त्यावर फुटलेल्या बाटल्या असतात, सोबत तारीखवार फोटो जोडले आहेत" याला उत्तर द्यावं लागतं. रेंटनच्या निकालात कोर्टाने मानलं ते हेच परिणामांचं माप. एका पानात मावेल एवढंच लिहा, नकाशा जोडा, वाड्यावरच्या माणसांच्या सह्या घ्या आणि सहीपुढे प्रत्येकाचा घरक्रमांक टाका. घरापासून त्या जागेचं अंतर लिहिलंत तर अधिकच बरं. एकच मजकूर पंचायत, नगरनियोजन आणि अबकारी खात्याला वेगवेगळा द्या, प्रत्येकाला त्याच्या अखत्यारीतला मुद्दा वर ठेवून. आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

ग्रामसभेत ठराव मांडताना "बंदी" ऐवजी "कुठे आणि कशा अटींवर" असा शब्द घाला. कुठे नको हे सांगताना कुठे चालेल हेही सांगा: रुंद रस्ता, वस्तीपासून लांब, शेताबाहेर, बंद हॉल, रात्री ठरावीक वेळ. काही जणांना ही तडजोड वाटते. मला ती जबाबदारी वाटते, आणि त्याचं कारण वास्कोचं बायणा, तिथली वेश्यावस्ती. न्यायालयाच्या आदेशानंतर जून 2004 मध्ये, ऐन पावसात, तिथली वस्ती पाडली. बायका आणि पोरं रस्त्यावर आली आणि पांगली. जागा नकाशावरून पुसली म्हणून माणसं पुसली जात नाहीत. ती आणखी अंधारात, आणखी असुरक्षित ठिकाणी जातात. हरकत घेणाऱ्याने तिथे राबणाऱ्या माणसांचाही विचार करायचा असतो. वेटर, स्वयंपाकी, नाचणारी मुलगी, यांच्याविषयी ग्रामसभेत घाणेरडं बोललं गेलं तर मी उठून थांबवते, तुम्हीही थांबवा.

एवढं करूनही धंदा सुरू झालाच, तर आवाजाचा नियम हाती राहतो. रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र धरतात. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, व्यापारी भागात 55. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 40. फोनमधलं मोजणीचं अॅप पुरावा ठरत नाही, पण तारीख, वेळ आणि आकडा वहीत नोंदवत गेलात तर तक्रारीला धार येते. दर वेळी 112 वर फोन करा, तक्रार क्रमांक विचारून त्याच ओळीत लिहा. वही भरत आली की तिची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि मागणी एकच ठेवा, मंडळाच्या यंत्राने, तुमच्या घराच्या हद्दीवर, रात्री 11 नंतर मोजणी करावी.