आईचा रिचार्ज करताना आधी हे बघा

आमची आई नाशिकला सिडकोत घरीच असते, वायफाय आहे, बाहेर म्हणजे फार तर भाजी आणायला पवननगरच्या मार्केटात, तरी मी दर महिन्याला तिला रोज दीड जीबीवालं पॅक मारत होतो. परवा सहज बघितलं तर दिवसाचा डेटा जवळपास सगळाच पडून, व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगसुद्धा वायफायवरच येतात!

डिसेंबर 2024 मधे ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलंय की नुसतं कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं पॅक ठेवाच, आणि त्याची व्हॅलिडिटी 365 दिवसांपर्यंत असू शकते. ॲपमधे ते पार खाली असतं, वर सगळी महागडी, त्यामुळे शेवटपर्यंत स्क्रोल करा.

अजून एक, 28 दिवसांचं पॅक म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज, दुकानदार हे सांगत नाही.

आणि एमजी रोडवरून जुना फोन घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी \*#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा, इंग्रजीत KYM लिहून स्पेस देऊन तो नंबर 14422 ला एसएमएस करा, फोन चोरीचा वगैरे म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं.