जादा फॉगलॅम्पसाठी रिले आणि वायर कशी निवडावी
कारला ५५ वॅटचे दोन हॅलोजन फॉगलॅम्प बसवायचे असतील, तर प्रथम करंट काढावा: ११० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९ अँपियर. हा भार थेट डॅशबोर्डवरील लहान स्विचमधून नेल्यास त्याचे संपर्क तापून जळू शकतात. म्हणून १२ व्होल्टचा, ३० अँपियर क्षमतेचा, चार पिनांचा रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच, घ्यावा. एवढी क्षमता अनाठायी नाही, कारण दिवा लागताना थंड फिलामेंट क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. बॅटरीची वायर ३० क्रमांकाच्या पिनेला आणि दिव्यांची ८७ला जोडावी. ८५ आणि ८६ या रिलेला चालू करणाऱ्या कॉइलच्या पिना असून त्यांपैकी एक स्विचला, दुसरी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला, जाते.

मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याच्या अनेक बारीक तारांची असावी. चार मीटर लांबीत ती साधारण पाव व्होल्ट खाते. १ चौरस मिलिमीटरची वायर त्याच्या अडीचपट खाते आणि प्रकाश मंदावतो. सर्वांत महत्त्वाचा १५ अँपियरचा फ्यूज. तो बॅटरीच्या टर्मिनलपासून शक्य तितका जवळ लावावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या दरम्यान वायरचे आवरण घासून ती बॉडीला टेकली, तर आग रोखणारे काहीच उरत नाही. दिव्यांच्या अर्थच्या वायरीही पुरेशा जाड घेऊन रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट बसवाव्यात.