विंडोज बदलली? मग जुना अँटिव्हायरस आधी काढा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, तेव्हापासून आमच्या यवतमाळकडच्या गावांतही सेवा केंद्रांचे संगणक विंडोज ११ वर जाताहेत. आणि दुकानदार लगेच विचारतो, "अँटिव्हायरसची सीडी देऊ का?"

थांबा जरा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आधीच असतो, फुकट. सातबारा, पीक विमा, बँकेचं काम एवढ्यासाठी तो पुरतो, असं माझं मत.

खरी गोची जुन्या अँटिव्हायरसची. मुदत संपलेला तसाच राहिला तर कधीकधी डिफेंडर बाजूलाच बसून राहतो. म्हणजे राखणदार दोन अन् जागा एकही नाही. जुना काढा, उरलंसुरलं साफ करणारं त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, संगणक रिस्टार्ट करा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', म्हणजे सतत चालणारी राखण, चालू दिसतं का ते पाहा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा वाचवणारी सेटिंग) लावलं असेल तर डिफेंडरचे अपडेट अडकू शकतात. रेंज असली की 'प्रोटेक्शन अपडेट्स'मध्ये जाऊन स्वतःच तपासा.

गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मात्र आधी राइट-क्लिक करून स्कॅन, मगच प्रिंट. कितीही रांग असो.