जर्मनीत घर मिळालं? आधी टपालपेटीवर नाव लावा

साताऱ्यात पत्त्यात गल्ली चुकली तरी पोस्टमन दादा दारात येतात, कारण ते माणसं ओळखतात. जर्मनीत मात्र फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो, पत्र नावावर येतं. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर ते परत जातं. माझ्या भाचीचं बँकेचं कार्ड असंच परत गेलं, बिचारी तीन आठवडे हैराण झाली. म्हणून किल्ली हातात आली की घरमालकाला सांगून त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावून घ्या, पासपोर्टवर आहे तसंच.

मग पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करायची असते. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाने सही करून दिलेला दाखला लागतो. तो किल्लीबरोबरच मागा. नोंदणीनंतर कर क्रमांक येतो तोही टपालानेच, पुन्हा तीच पेटी!

अनामत रक्कम महिन्याच्या मूळ भाड्याच्या (हीटिंग-पाण्यासारखे वरखर्च सोडून) ३ पटींहून जास्त घेता येत नाही आणि ती ३ समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. नव्या नोकरीत पहिला पगार व्हायचा असतो तेव्हा याचा फार आधार वाटतो.

आणि हो, मिक्सर खुशाल न्या. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट. फक्त त्याचे वॅट पेलणारा अडॅप्टर घ्या. घरचं तूप मात्र बॅगेत भरू नका, बाहेरून दुग्धपदार्थ न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. कांदा-लसूण चटणी न्या.