जुन्या गेममधल्या भिंती थरथरतात, धबधबे पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात? या चुका टाळा

परवा गिरगावात बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने लॅपटॉप पुढे सरकवला. "मामा, डूम लागला, पण चालायला लागलं की भिंती थरथरतात."

गेम खराब नव्हता. १९९३चा डूम ३२० बाय २०० ठिपक्यांत रंगवलेला आहे. त्या २०० ओळी १०८० ओळींच्या स्क्रीनवर ताणल्या की प्रत्येक ओळ ५.४ पट व्हायला हवी. अर्धामुर्धा ठिपका काढता येत नाही, म्हणून काही ओळी पाच ठिपके जाड होतात, काही सहा. स्क्रीनजवळ डोळे नेऊन मोजलं की हे स्पष्ट दिसतं. आपण हललो की जाड-बारीक ओळी भिंतीवरून सरकतात, तीच ती थरथर. पूर्ण पाच पट करा: १००० ओळी, वर-खाली ४०-४० ओळी काळ्या. डॉसबॉक्स हा जुने डॉस गेम आजच्या लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर. त्याच्या डॉसबॉक्स स्टेजिंग या सुधारित आवृत्तीत यासाठी इंटिजर स्केलिंगची, म्हणजे चित्र पूर्ण पटीतच मोठं करण्याची, सोय आहे.

दुसरी चूक, चित्र अख्ख्या रुंद स्क्रीनभर पसरवणं. जुन्या मॉनिटरवर हे चित्र ४:३ आकारात दिसायचं, ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच असायचा. पसरवलं की स्फोटाचा गोळा चपटा होतो. साध्या डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'आस्पेक्ट' 'ट्रू' करा.

वेगाची गोष्ट निराळी. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्या काळच्या काही गेममध्ये थांबण्याचं काम रिकाम्या लूपवर, म्हणजे काहीच न करता ठरावीक वेळा फिरणाऱ्या सूचनांवर, सोपवलेलं असायचं. वेगवान मशीनवर तो लूप क्षणात संपतो, आणि स्फोट दिसायच्या आधीच विझतो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ ने सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) कमी करा, कंट्रोल-एफ१२ ने वाढवा. डूमला ही अडचण नाही, तो घड्याळाच्या हिशोबाने सेकंदाला ३५ फ्रेम काढतो. मात्र सायकल्स लॅपटॉपच्या ताकदीबाहेर चढवल्या तर आवाज तुटायला लागतो. तसं झालं की पुन्हा खाली या.

मेगा ड्राइव्ह या सेगाच्या गेम कन्सोलवरच्या सॉनिकमधला (१९९१) धबधबा उभ्या पट्ट्यांचा दिसतो म्हणून रिझोल्यूशन वाढवत बसू नका. एक पट्टी पाण्याची, एक मोकळी, असाच तो रेखाटलाय. टीव्हीच्या पिवळ्या पिनेतून (काँपोझिट जोडणीतून) आलेलं चित्र शेजारचे रंग मिसळायचं, म्हणून पाणी पारदर्शक वाटायचं. लॅपटॉपच्या स्वच्छ स्क्रीनवर ते मिसळणं होत नाही. इम्युलेटरमध्ये काँपोझिटची नक्कल करणारा फिल्टर लावा. नुसत्या आडव्या रेषा आखणाऱ्या फिल्टरने हे जमत नाही.

भाच्याच्या स्क्रीनवर आता वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत, आणि भिंती जागच्या जागी आहेत.