प्रमाणपत्राचे कीस्टोअर करण्यापूर्वीची तयारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे ऑर्डर घेणारे पोर्टल टॉमकॅट या जावावर चालणाऱ्या सर्व्हरवर चालते आणि त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र बदलण्याचे काम माझ्याकडे असते. प्रमाणपत्र आणि त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) एकत्र ठेवणाऱ्या फाइलीत, म्हणजे कीस्टोअरमध्ये, प्रत्यक्ष रूपांतर दोन मिनिटांत होते. वेळ जातो तो हाताशी नसलेल्या गोष्टी शोधण्यात, म्हणून माझ्यानंतर हे काम पाहणाऱ्यासाठी ही तयारी लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी प्रायव्हेट कीची फाइल शोधावी. प्रमाणपत्र देणारी संस्था ती पाठवत नाही. ज्या संगणकावर सीएसआर (प्रमाणपत्र मागणारी विनंतीची फाइल) तयार केली, तिथेच ती असते. पहिल्या वर्षी मी ईमेलने आलेले नुसते प्रमाणपत्र कीटूल या जावाच्या साधनाने कीस्टोअरमध्ये घातले. कसलीही तक्रार न होता फाइल तयार झाली, पण पोर्टल काही उघडेना. रात्री उशिरा कीस्टोअरची यादी काढली, तेव्हा 'प्रायव्हेटकीएंट्री' असायला हवे तिथे 'ट्रस्टेडसर्टएंट्री' दिसले आणि आत प्रायव्हेट कीच नाही ही चूक कळली. तेव्हापासून प्रमाणपत्र आणि प्रायव्हेट की एकमेकांचीच आहेत ना, हे मी आधी तपासतो: दोन्ही आरएसए प्रकारची असतील तर ओपनएसएसएल या साधनाने दोन्हींचा मॉड्युलस (दोन्हींत सारखाच असणारा मोठा आकडा) काढावा आणि तो अक्षरशः जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर मधले, म्हणजे आपले प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे इंटरमीडिएट प्रमाणपत्र वेगळे उतरवून ठेवावे. ते विसरले तरी कार्यालयातला ब्राउझर पुष्कळदा ते स्वतःच मिळवतो आणि सारे ठीक दिसते. मात्र पोर्टलशी थेट बोलणारा बिलिंगचा प्रोग्राम जोडणी नाकारतो, आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातो.

सर्व्हरवरची जावाची आवृत्ती लिहून घ्यावी. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, पीकेसीएस१२ हाच जावाच्या कीस्टोअरचा डीफॉल्ट (आपोआप धरला जाणारा) प्रकार असल्याने पुन्हा जेकेएस या जुन्या प्रकारात रूपांतर करण्याची गरज उरलेली नाही. सर्व्हरवर जावा ८ ची अपडेट ३०१ पूर्वीची आवृत्ती असेल आणि रूपांतर ओपनएसएसएल ३ ने करायचे असेल, तर 'लेगसी' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर नव्या पद्धतीने कूटबद्ध झालेली फाइल त्या जावाला उघडता येत नाही. एलिअस (कीस्टोअरमधल्या नोंदीचे नाव) आणि पासवर्ड आधीच ठरवावेत. कीस्टोअर आणि की यांचा पासवर्ड एकच ठेवावा, त्यात अँपरसँड (&) घेऊ नये, कारण टॉमकॅटच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, ते चिन्ह तसेच लिहिले तर फाइल वाचलीच जात नाही.

जुन्या कीस्टोअरची आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलची प्रत काढून ठेवावी. मुदत संक्रांतीच्या सुमारास संपत असेल तर गड्ड्याच्या यात्रेआधीच काम उरकावे, त्या दिवसांत ऐनवेळी फोन उचलायला कोणी सापडत नाही. पूर्वी ही काळजी वर्षातून एकदाच असे. १५ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस असल्याने पुढची तारीख प्रमाणपत्र बदलले त्याच दिवशी कॅलेंडरवर मांडावी.

नव्या फाइलची मालकी टॉमकॅटच्या युजरकडे आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर कारखान्याच्या वायफायवरून नव्हे, तर मोबाइल डेटावरून पोर्टल उघडून पाहावे, आणि कामापुरती इकडेतिकडे कॉपी केलेली प्रायव्हेट कीची प्रत, पेनड्राइव्हवरचीसुद्धा, तिथेच बसून पुसून टाकावी.