ऊन, निकेल आणि धुण्याचा सोडा

पाणी फोडायला, म्हणजे विजेने त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला, निदान १.२३ व्होल्ट लागतात आणि सिलिकॉनचा एक सोलर सेल उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट देतो. तीन सेल जोडले की झालं, असा हिशेब मीही केला होता. बुडबुडे अगदी तुरळक आले. अभिक्रियेला वेग यायचा तर वरून जादा व्होल्टेज मोजावं लागतं, आणि ते जितकं कमी तितका उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रिया सोपी करणारा पदार्थ, चांगला. आता मी सहा सेलचं, तीन व्होल्टचं छोटं पॅनल वापरतो.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा समोरचा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पाण्यात नेणारा धातू, प्लॅटिनमचा होता. २०११ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ डॅनियल नोसेरांच्या गटाने उन्हात पाणी फोडणारं ‘कृत्रिम पान’ केलं ते कोबाल्ट आणि निकेल-मॉलिब्डेनम-झिंकवर. आपण दोन्हीकडे साधं निकेल घेऊ.

बॅटरीचे सेल जोडायच्या निकेल पट्ट्या मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच आतून लोखंडाच्या असतात. एक तुकडा खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. गंज आला तर ती पट्टी बाद. ही परीक्षा सोडली तर पुढचं सगळं मोजमाप फसतं.

१०० मिली पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. मीठ घालायचं नाही, धन बाजूला क्लोरीन निघतो. पट्ट्यांऐवजी स्टीलचे चमचेही नकोत, त्यांतलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दोन परीक्षानळ्या याच द्रावणाने काठोकाठ भरा, भांड्यात उपड्या करा आणि प्रत्येकीत एक पट्टी खालून सरकवा. पट्ट्या लांब घ्या, म्हणजे तारेचा जोड द्रावणाबाहेर राहील. माझा तांब्याचा चिमटा एकदा बुडाला होता. द्रावणावर निळसर झाक आली आणि ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्याहून फारच कमी भरला, कारण वीज तांबं झिजवण्यात चालली होती.

प्रवाह मोजायला मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून पॅनल आणि एका पट्टीच्या मध्ये मालिकेत जोडा, पॅनल उन्हाकडे वळवा आणि घड्याळ लावा. बुडबुडे पाहून खूश होऊन थांबू नका, मोजा. १०० मिलिअँपिअर १० मिनिटं वाहिले तर ऋण बाजूच्या नळीत साधारण साडेसात मिली हायड्रोजन जमायला हवा आणि धन बाजूला त्याच्या निम्मा ऑक्सिजन. पहिल्या फेरीत ऑक्सिजन थोडा कमी भरतो; काही पाण्यात विरघळतो, शिवाय निकेलचाही वरचा थर थोडा ऑक्सिडाइज होतो. हायड्रोजनच साडेसातऐवजी पाच भरला तर गळती शोधा. ढग येऊन प्रवाह पडला असेल तर दर मिनिटाचा आकडा लिहून सरासरी घ्या.

हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण पेटतं. म्हणून परीक्षानळीपेक्षा जास्त साठवू नका, बंद बाटली तर अजिबात नको, आणि दोन्ही वायू एका नळीत येऊ देऊ नका. खात्री करायची तर नळी उपडीच उचला, चेहऱ्यापासून लांब धरा आणि तोंडाशी जळती काडी न्या. ‘फट्’ असा आवाज येतो.

शेवटी पट्ट्या पाण्याने धुऊन धन-ऋण खुणा करून ठेवा. धन पट्टी काळपट पडते, ती घासू नका. तो थर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडचा, आणि ऑक्सिजन सोडवण्याचं अवघड काम तोच करतो.